डॉसनसाहेबांच्या पोराची पत्रिका

व्यासराजरावांनी आजवर वकिलांच्या पत्रिका पाहिल्या होत्या, डॉक्टरांच्या पाहिल्या होत्या, आवडी गावच्या कारखान्यातल्या एका फोरमनचीही पाहिली होती. एका हॉटेलवाल्याच्या आग्रहाखातर त्याच्या नव्या शाखेची पत्रिकासुद्धा त्यांनी मांडून दिली होती. जन्मवेळ म्हणून पहिली इडली भांड्यातून बाहेर आली ती वेळ धरली. ती शाखा अजून चालते. पण पळता पळता चेंडू झेलून पोट भरू पाहणाऱ्या माणसाची पत्रिका त्यांच्या पुढ्यात कधी आली नव्हती. ती आली तेव्हा आपण 'हो' का म्हणालो, हे त्यांना स्वतःला पुढे दोन महिने कळलं नाही.

कारण अगदी साधं होतं. साहेबानं स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली होती.

व्यासराजराव मद्रासला, गिंडीच्या एका पंपांच्या कारखान्यात हेडक्लार्क होते. कपाळी अंगारा-अक्षत, अंगात बंद गळ्याचा कोट, बिऱ्हाड पश्चिम मांबळमात. घरात तंजावरची मराठी, दारात तमिळ, आणि कचेरीत असं इंग्रजी की मॅनेजरसुद्धा आपला मसुदा त्यांच्याकडून तपासून घेई. पत्रिकेचा ते एक पैसा घेत नसत. मान मात्र घेत, आणि तो तसूभर जरी कमी पडला तरी त्यांच्या लगेच ध्यानात येई. डॉसनसाहेब अमेरिकेहून नवी यंत्रं बसवून द्यायला आलेले इंजिनियर; उंच, लालबुंद, आणि मद्रासच्या उन्हानं कायम चकित झालेले.

"मिस्टर राव," साहेब म्हणाले, "तुम्ही ताऱ्यांवरून माणसाचं भविष्य सांगता, असं ऐकलंय."

"ग्रहांवरून," राव म्हणाले. "बोला, कोणाचं पाहायचंय?"

साहेबांच्या मुलाचं पाहायचं होतं. रॉय त्याचं नाव, वय बावीस, कॉलेज नुकतंच संपलेलं. तिथल्या एका धंदेवाईक फुटबॉल टीमनं त्याला सरावाच्या छावणीत घेतलं होतं. हे फुटबॉल आपलं नव्हे. यात चेंडू सोललेल्या नारळाच्या आकाराचा असतो आणि तो पायापेक्षा हातानंच जास्त खेळतात. का ते साहेबांनाही सांगता आलं नाही. रॉयचं काम इतकंच, की मैदानाच्या कडेला उभं राहायचं, इशारा झाला की जीव खाऊन पळायचं, आणि मागून एकानं फेकलेला चेंडू खांद्यावरून वळून झेलायचा. तेवढ्यात समोरच्या टीमचे दोन-तीन धटिंगण त्याला आडवा करायला टपलेले असतात. या कामाला तिकडे वाइड रिसीव्हर म्हणतात. जागा एक होती आणि उमेदवार चार.

"पोराचं पत्र आलंय," साहेब म्हणाले. "ट्रेनर चांगलं म्हणत नाही, वाईट म्हणत नाही. ओहायोत त्याच्या मामाचं हार्डवेअरचं दुकान आहे. मामा भागीदारी द्यायला तयार आहे, पण दहा सप्टेंबरच्या पुढे थांबणार नाही. टीमची यादी लागणार त्यानंतर. पोरगा विचारतो, डॅड, थांबू की घरी जाऊ? तुम्ही सांगाल तसं करतो."

"मग सांगा की. बापाला नाही कळणार तर कोणाला?"

साहेबांनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. "मी त्याला खेळताना कधी पाहिलेलंच नाही, मिस्टर राव. आधी ब्राझील, मग इराण, मग इथं. तो झेलत होता तेव्हा मी कुठंतरी पंप बसवत होतो."

आता यावर कोणता बाप 'हे माझं क्षेत्र नाही' म्हणेल? व्यासराजरावांना स्वतःला एकच मुलगी होती, विद्युलता, आणि तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला ते एकदाही गेले नव्हते, कारण मार्चअखेर. ते कोटाची गुंडी नीट करत उठले आणि म्हणाले, "जन्मवेळ मागवा."

साहेबांनी ओहायोला बायकोला तार केली. उलट तार आली, 'पहाटे चार वीस. का?'

राव त्या रविवारी आंघोळ करून, पाटावर बसून, रेखांश-अक्षांश मांडून पत्रिका करायला बसले. एवढी सुंदर पत्रिका त्यांनी वर्षात केली नव्हती. तृतीयस्थानात मंगळ! तृतीय म्हणजे पराक्रम, तृतीय म्हणजे हात. चेंडू झेलणाऱ्याला आणखी काय हवं?

"हात बघ, हात!" त्यांनी बायकोला हाक मारली. "या पोराच्या हातात आलेली वस्तू सुटायची नाही."

"मग आमच्या विद्युलतेसाठी बघा की," अलमेलूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "हातातली वस्तू न सोडणारा नवरा बरा असतो."

"अगं, अमेरिकन आहे तो!"

"सरि, सरि. नुसतं म्हटलं."

बातमी तासाभरात गल्लीभर झाली. व्यासराजराव अमेरिकेच्या टीमचं सिलेक्शन करताहेत, इथपर्यंत ती संध्याकाळी पोचली. रावांनी ती खोडून काढली नाही. दुरुस्त केली असती, पण सगळ्यांनी एकाच वेळी अभिनंदन केल्यामुळे कोणाला आधी दुरुस्त करावं ते ठरेना.

अभिनंदन केलं नाही ते फक्त समोरच्या शेषगिरीमास्तरांनी. शेषगिरीमास्तर निवृत्त गणितशिक्षक. मद्रासेत दोन पंचांगं चालतात. व्यासराजराव त्यातल्या एकावर जीव टाकत आणि मास्तर दुसऱ्यावर, आणि वीस वर्षं समोरासमोर राहून दोघांची एकादशी क्वचितच एका दिवशी आली होती. मास्तर चष्मा वर करून पत्रिकेकडे बघत राहिले.

"जन्म कधीचा म्हणालात?"

"बेचाळीसचा नोव्हेंबर."

"लढाई चालू होती तेव्हा. आपल्याकडे सरकारनं घड्याळं तासभर पुढे केली होती, आठवतं का? तिकडे काय केलं होतं?"

व्यासराजरावांच्या कपाळावरची अक्षत तेवढ्यात घामानं ओली झाली. सोमवारी त्यांनी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, अर्थातच, आमच्याकडेही लढाईभर घड्याळं एक तास पुढे होती. म्हणजे पोरगा चार वीसला नव्हे, तीन वीसला जन्मला! लग्न एक घर मागे सरकलं आणि तृतीयातला मंगळ उठून चतुर्थात जाऊन बसला. चतुर्थ म्हणजे घर. पोराचा सगळा पराक्रम एका तासात घरी येऊन बसला.

"घड्याळाच्या चुकीला ज्योतिषी जबाबदार नसतो," असं राव त्या आठवड्यात निदान चाळीस लोकांना म्हणाले.  मास्तर नुसते आपल्या ओसरीवर खुर्ची टाकून बसू लागले, आणि तेच जास्त लागे.

मानी माणूस अशा वेळी माघार घेत नाही. तो काम वाढवतो. व्यासराजरावांनी रात्रंदिवस विचार केला आणि त्यांना जे सुचलं ते तंजावरच्या माणसालाच सुचू शकतं. एका पत्रिकेवरून कधी निर्णय होतो का? नवरामुलगा कितीही गुणी असला तरी जोडी जमावी लागते! चेंडू झेलणारा एकटा काय करणार? फेकणारा कोण आहे, त्याची पत्रिका कुठं आहे? आपल्याकडे छत्तीस गुण पाहतात तसे मद्रासेत दहा पोरुत्तम पाहतात. चारही उमेदवारांचे त्या फेकणाऱ्याशी पोरुत्तम पाहायचे. ज्याचे जास्त जुळतील तो टीममध्ये राहणार, हे उघडच होतं.

"पण यात नवरा कोण आणि नवरी कोण?" विद्युलतेनं विचारलं. ती बी.एस्सी.ला होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

"फेकणारा देतो, झेलणारा घेतो. देणारा तो नवरा," राव म्हणाले.

"पळतो तो नवरा," मास्तर समोरून ओरडले. "आणि दहांतला रज्जू नीट बघा. रज्जू जमला नाही तर नवऱ्याच्या जिवाला धोका असतो."

डॉसनसाहेबांना हे समजावून सांगायला व्यासराजरावांना जेवणाची पूर्ण सुट्टी लागली. साहेब शेवटी म्हणाले, "म्हणजे फेकणारा क्वार्टरबॅक आणि झेलणारा रिसीव्हर यांचं एकमेकांशी जमलं पाहिजे. मिस्टर राव, आमच्याकडचे ट्रेनरही अगदी हेच म्हणतात!" हे ऐकून राव इतके सुखावले की घरी येऊन त्यांनी साहेबाचं ते वाक्य मास्तरांच्या ओसरीकडे तोंड करून दोनदा म्हटलं.

मिसेस डॉसन भली बाई. तिनं उरलेल्या तिघा उमेदवारांच्या आयांना आणि त्या फेकणाऱ्याच्या आईला फोन करून मुलांच्या जन्मवेळा विचारल्या. कशाला हव्यात तेही सांगून टाकलं. इथंच घोटाळा झाला. आई कुठलीही असो, तिच्या मुलाचं भविष्य कोणीतरी पाहतंय म्हटल्यावर ती नुसती वेळ सांगून गप्प बसेल काय? चारही आयांनी गिंडीच्या पत्त्यावर परस्पर पत्रं टाकली. मिसेस बक्स्टरनं लिहिलं की माझा मुलगा चेंडू उत्तम झेलतो, पण भाजी खात नाही, याचा ग्रहांवर परिणाम होतो का? दुसरीनं पोराचा लहानपणचा फोटो पाठवला. फेकणाऱ्याच्या आईचं पत्र सर्वांत लांबलचक, नऊ पानी. त्यात फुटबॉलबद्दल अर्धं पान होतं आणि बाकीचं सुनेबद्दल.

व्यासराजरावांनी ही पत्रं घरी आणून मोठ्यानं वाचली. अलमेलूबाईंनी सुनेबद्दलचं पत्र पुन्हा वाचायला लावलं. "पावम्, बिचारी," त्या म्हणाल्या, "तिकडेही असंच आहे म्हणायचं."

पुढची पत्रं मात्र आलीच नाहीत. त्याऐवजी आली एक सरकारी चिठ्ठी, 'समक्ष हजर राहावे'. ऑगस्ट सरत आला होता, काश्मीरकडे चकमकी चालू झाल्या होत्या, परदेशी टपालावर बारीक नजर होती. आणि कोणा अधिकाऱ्याच्या टेबलावर पंपांच्या कारखान्याच्या हेडक्लार्कच्या नावची अमेरिकन पत्रं पडली होती, ज्यांत अक्षांश, रेखांश, पहाटेच्या वेळा आणि 'एकशे नव्वद पौंड, डावीकडून धावतो' असला मजकूर होता! तुम्ही-आम्ही असतो तर आपणही चिठ्ठी पाठवली असती.

रावांनी तीस वर्षांच्या नोकरीत मेमोसुद्धा खाल्ला नव्हता. ते त्या कचेरीच्या बाकावर दोन तास बसले होते, कोट घामानं भिजला होता, आणि समोरच्या शिपायानं त्यांना 'ओ पेरियवर' म्हणून हाक मारली, म्हणजे नुसतं म्हातारं! आत अधिकाऱ्यानं विचारलं, "हा डावीकडून धावणारा कोण?"

"उमेदवार आहे, सर. फेकणाऱ्याशी त्याचा रज्जू जुळत नाही."

 अधिकाऱ्यानं पुरावा म्हणून कागद मागितले. व्यासराजरावांनी खिशातून पाचही पत्रिका काढून टेबलावर मांडल्या आणि लढाईतल्या घड्याळापासून सगळं सांगितलं. अर्ध्या तासानं अधिकाऱ्यानं शिपायाला दार लोटून घ्यायला सांगितलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "माझी त्रिचीला बदली होईल का हो?" राव बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात सगळी पत्रं होती आणि खिशात सहावी पत्रिका होती. तो दिवस त्यांना आपल्या आयुष्यातला अपमानाचा वाटावा की मानाचा, हे ते अजून ठरवू शकलेले नाहीत.

पोरुत्तम मात्र त्यांनी चोख पाहिले. बक्स्टरचे दहापैकी नऊ जुळत होते. दुसऱ्याचे सात, तिसऱ्याचे सहा. रॉयचे चार.

त्यांनी पुन्हा पाहिलं. चारच. सवयीनं त्यांनी कचेरीच्या टिपणासारखं एका कागदावर लिहिलं: 'उमेदवार क्रमांक एक, श्री. रॉय डॉसन, यांची निवड होण्याचा योग दिसत नाही.' खाली सही केली. मास्तरांनी विचारलं तेव्हा खोटं सांगणं त्यांना जमलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला ठाऊक झालं की व्यासराजरावांच्या मते अमेरिकन पोरगा बाद.

"पावम्," अलमेलूबाई म्हणाल्या आणि दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

तो कागद साहेबांना द्यायचा होता शनिवारी, चार सप्टेंबरला. त्याच दिवशी दुपारी कारखान्याच्या कँटीनमध्ये रॉयच्या कॉलेजातल्या खेळाची फिल्म दाखवायची होती. मिसेस डॉसननी ती विमानानं पाठवली होती. खिडक्यांना गोणपाटं लावली, भिंतीवर पांढरं धोतर ताणलं. राव सहकुटुंब आले. मास्तर बोलावल्याशिवाय आले आणि पुढच्या ओळीत बसले.

फिल्मला आवाज नव्हता. डोक्यावर लोखंडी जाळीची टोपी घातलेली, खांदे फुगवलेली बावीस माणसं एकमेकांवर धावून जात होती. सगळे सारखेच दिसत. साहेब म्हणाले, पाठीवर चौऱ्याऐंशी आकडा तो माझा. चौऱ्याऐंशी आकडा पळायला लागला, वळला, हात वर केले, चेंडू हातात आला, आणि त्याच क्षणी दोघांनी त्याला असं आपटलं की कँटीनमधल्या स्वयंपाक्यानं डोळे झाकले.

"अय्यो!" अलमेलूबाई ओरडल्या. "सगळे मिळून एकट्याला मारतायत! पंच कुठं गेला?"

चौऱ्याऐंशी उठला. पुन्हा पळाला. पुन्हा आपटला. कधी चेंडू हातात, कधी निसटलेला. तो किती वेळा आपटला ते अलमेलूबाई आता मोठ्यानं मोजत होत्या. मास्तर प्रत्येक झेलाला मान डोलावत होते आणि प्रत्येक सुटलेल्या चेंडूला 'चतुर्थातला मंगळ' असं म्हणत होते. फिल्म संपली तेव्हा अलमेलूबाईंचा आकडा अकरावर होता. सगळ्या फिटरांनी टाळ्या वाजवल्या, कॉफी आली, हळूहळू सगळे पांगले. आत राहिले साहेब आणि व्यासराजराव.

रावांनी कागद काढला. साहेबांनी वाचला. "दहापैकी चार," साहेब म्हणाले. "म्हणजे नाही."

"नाही."

"ठीक आहे. धन्यवाद, मिस्टर राव. मग त्याला घरी जायला कळवतो. मामाची मुदत जवळ आलीये." साहेबांनी पेन काढलं, पण ते त्यांच्याकडून उघडेना.

व्यासराजराव दारापर्यंत गेले आणि परत आले. 

"साहेब, तो कागद माझं शास्त्र आहे. आता मी बोलतो ते शास्त्र नाही, म्हणून ते मी लिहून देणार नाही. पोराला कळवा, थांब म्हणून."

"तुम्हीच तर नाही म्हणालात!"

"म्हणालो. पण फिल्म मी पाहिलीच नाही. मी तुम्हांला पाहत होतो. पोरगा पडला की तुम्ही खुर्चीतून उठत होता, तो उठला की खाली बसत होता. अकरा वेळा. तो उठेल याची तुम्हांला एकदाही शंका वाटली नाही, साहेब, नाहीतर तुम्ही बसला नसता. आता त्याला 'घरी जा' लिहाल, तो जाईल, आज्ञाधारक आहे. मग तो जन्मभर खिळे विकेल आणि तुम्ही जन्मभर खुर्चीतून उठत राहाल. त्याला यादीतून दुसऱ्या कोणी काढायचं तर काढू दे. बापानं काढू नये."

 साहेबांनी रावांचा हात दोन्ही हातांत धरला आणि इतका दाबला की सोमवारपर्यंत रावांना सही करता आली नाही. तार मात्र त्याच दिवशी गेली: 'थांब. डॅड.'

पुढचे दहा दिवस व्यासराजरावांसारखे वाईट कोणाचे गेले नसतील. गल्लीला ठाऊक होतं की त्यांचं भाकीत 'नाही' आहे. पोरगा बाद झाला तर त्यांचं शास्त्र खरं, मास्तरांचं तोंड बंद, मान जागच्या जागी. आणि ते दर संध्याकाळी देवापुढे हात जोडत तेव्हा मनात नेमकं काय मागावं ते त्यांना सुचत नसे. एका संध्याकाळी त्यांनी पाहिलं, देवघरात नेहमीच्या समईशेजारी एक जादा निरांजन.

"हे कशासाठी?"

"रॉयसाठी," अलमेलूबाई म्हणाल्या. "तुमचं भाकीत खोटं पडावं म्हणून."

 व्यासराजरावांनी तुपाचं भांडं घेतलं आणि त्या निरांजनात आणखी तूप घातलं.

चौदा तारखेला दुपारी डॉसनसाहेब तारेचा कागद हातात घेऊन कारकुनांच्या खोलीत पळत आले. साहेब तिथं कधी येत नसत. 'रॉयला घेतलं,' एवढीच तार. साहेबांनी व्यासराजरावांना खुर्चीतून उचललं, अक्षरशः उचललं, आणि कोटाच्या दोन गुंड्या उडून टाइपरायटरखाली गेल्या. तीस वर्षांत कचेरीत असा प्रकार झाला नव्हता. खाली उतरवल्यावर रावांनी कोट सारखा केला, चष्मा पुसला, आणि ते रडताहेत हे सगळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी ते गल्लीत शिरले तेव्हा मास्तर ओसरीवर होतेच. "काय झालं?"

"घेतलं! टीममध्ये घेतलं!"

"म्हणजे तुमचं भाकीत..."

"चुकलं!" व्यासराजराव भर रस्त्यात थांबून म्हणाले. दोन्ही बाजूंच्या ओसऱ्यांवरून लोक बघायला लागले. "साफ चुकलं! दहापैकी चार म्हणालो होतो मी, सही करून दिलं होतं!"

अलमेलूबाई दारात आल्या. नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर येताना त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, कदाचित चेंडू फेकणारा बदलला असेल. दुसऱ्याची पत्रिका तुम्ही कुठं पाहिली होती? तसं सांगा ना."

वाट अगदी मोकळी होती. मास्तरांनाही ती पटली असती. त्यांनी मान डोलवायला सुरुवातसुद्धा केली होती.

"नाही," व्यासराजराव म्हणाले. "कोणी बदललं नाही, काही नाही. मी चुकलो. तू आत जा, रव्याची केसरी कर, भरपूर कर."

केसरी, म्हणजे आपला शिराच, झाली. बंद गळ्याचा, दोन गुंड्या तुटलेला कोट तसाच अंगात ठेवून व्यासराजराव परात घेऊन स्वतः घरोघर फिरले. प्रत्येक दारात त्यांनी आपलं भाकीत कसं चुकलं ते पहिल्यापासून सांगितलं, लढाईतल्या घड्याळासकट. शेवटचं घर मास्तरांचं. मास्तरांनी केसरी हातावर घेतली, खाल्ली, आणि ते मनापासून म्हणाले, "राव, हे असं सगळ्यांना सांगत सुटलात. उद्यापासून तुमच्याकडे पत्रिका घेऊन कोण येणार?"

"नका येऊ!" व्यासराजराव म्हणाले. इतकी ताठ मान त्यांची मास्तरांनी वीस वर्षांत पाहिली नव्हती. "कोणी नका येऊ! आमचा पोरगा टीममध्ये बसलाय!"